आधी दवाखाना, मग माळ

"वर बघ. माझ्याकडं नको, वर बघ."

असं म्हणत मावशी समोरच्याच्या डोळ्याखाली अंगठा ठेवायच्या आणि पापणी खाली ओढायच्या. समोरचा आजारी असलाच पाहिजे असं काही नव्हतं. झेंडूचा भाव विचारणारं गिऱ्हाईक, पत्ता शोधणारा पोस्टमन, कोणीही चालायचं. हळदीला बसलेल्या नवरीचे डोळे तपासणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. माझ्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाचीच पापणी ओढली, "चांगला हाय" असा निकाल दिला आणि मगच आहेर हातात ठेवला.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या पुढे त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा होता आणि आमचं घर त्या मळ्याच्या वाटेवर. नव्वदनंतरची ती वर्षं. मी शहरात एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे, म्हणून त्यांनी माझं नाव 'रगतवाली' ठेवलं होतं. त्यांच्याकडे सासूकडून आलेली एक विद्या होती, कावीळ उतरवण्याची. रविवारी आणि बुधवारी ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसायची. मावशी कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफायच्या आणि ती लहानशी माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायच्या. माळ वाढत वाढत गळ्यात यायची, मग छातीवर. माळ उतरली की कावीळ उतरली. तुमच्यापैकीही काहींनी ती घातली असेल, उगाच नाही म्हणू नका.

मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, माळ खरंच वाढते?"

"वाढती कशाची? गाठी सैल सुटतात."

"मग बांधता कशाला?"

"माळ डोक्यावर असली की माणूस तळकट खात नाय, गप पडून राहतं. नुसतं सांगून कोण ऐकतंय? तुझा नवरा ऐकतो का?"



त्यांची थोरली मुलगी चांदवडकडे दिली होती. एका पावसाळ्यात त्या घरात मुलीला कावीळ झाली आणि तिच्या दिरालाही. विहीर एक, पाणी एक, दुखणंही एकच. दिराला जीपमध्ये घालून नाशिकला आणलं आणि सलाईन लावलं. मुलगी सात महिन्यांची गरोदर होती. तिच्यासाठी माणूस मावशींकडे आला, माळ न्यायला. घरातलीच विद्या, मग बाहेर कशाला जायचं? मावशींनी स्वतःच्या हाताने माळ ओवून दिली. दीर हिंडूफिरू लागला. मुलगी बेशुद्ध झाली आणि गेली, पोटातल्या बाळासकट. गरोदरपणातली कावीळ किती वाईट असते हे मला माहीत होतं. मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि चांदवडला कोणी डॉक्टरला विचारलं नव्हतं.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, रडल्या नाहीत. फुलं खुडता खुडता म्हणाल्या, "त्याला जीप आली गं, हिला माळ."

तेराव्यानंतर ओट्यावर त्यांनी नवा नियम सुनावला. पुरुषाला माळ लगेच मिळेल. बाईला आधी दवाखाना, मग माळ. गरोदर असेल तर त्या स्वतः सोबत जाणार. केवढा गहजब झाला म्हणून सांगू! "बाईमाणसाला कशाला एवढं?" असं सासवाच जास्त म्हणायच्या. एका नवऱ्याने चिडून विचारलं, "मला लगेच, तिला का नाय?"

"तुला माळ दिली तरी तुझी आई तुला दवाखान्यात नेणार हाय," मावशी म्हणाल्या. "हिला माळ दिली की तुम्ही सगळे मोकळे."

हे मी लॅबमध्ये रोज बघत होते. पुरुषाचं रक्त डोळे पिवळे झाल्याबरोबर यायचं. बाईचं यायचं ते पोट फुगल्यावर, भान हरपायला लागल्यावर. पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी बाया तर त्याहून उशिरा, आणि आल्याच तर त्यांना पहिला प्रश्न दारूचा. माझा संताप व्हायचा, पण मी सुई टोचून गप्प बसायचे. मावशींना गप्प बसणं जमत नसे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. झेंडूवाल्यांचं वर्षाचं गणित त्या दिवसावर. मावशी आणि त्यांची सून ढीग लावून बसल्या होत्या, आणि मी तोरणासाठी फुलं निवडत होते. तेवढ्यात एक तरुण माणूस बायकोला खांद्याचा आधार देत, मावशींना विचारत विचारत आला. पेठकडची माणसं, द्राक्षाच्या बागेत कामाला आलेली. बायकोचे दिवस भरत आलेले. मावशींनी पापणी ओढायचीही गरज नव्हती, तिचे तळहातसुद्धा पिवळे होते.

"माळ घाला, मावशी," नवरा म्हणाला.

"दवाखान्यात का नाय गेला?"

"मालकाच्या पोराला बी झालीय. त्याला गाडीतनं नेलं. आमाला म्हणले, माळवालीकडं जा."

मावशी उठल्या. एवढा मोठा ढीग सुनेच्या अंगावर टाकून त्यांनी पदर खोचला. सून बिचारी म्हणाली, "आत्याबाई, आजच्या दिवशी?"

"झेंडू उद्या सुकंल, बाई आजच जाईल," एवढंच बोलून त्या रिक्षात बसल्या. मला म्हणाल्या, "रगतवाले, चल. तुझी तिथं ओळख असंल."

ओळख कसली! मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पिते का?"

"तुझ्या बायकोला कावीळ झाली तर हेच इचारशील?" मावशींनी आवाज चढवला. रांगेतली सगळी माणसं बघायला लागली. त्या माणसाने मान वर केली, बाईकडे नीट पाहिलं आणि स्ट्रेचर मागवलं.

"तुमची कोण?" त्याने विचारलं.

"लेक," मावशी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

रस्त्यात नवऱ्याने फारच गयावया केल्यामुळे मावशींनी बाईच्या डोक्यावर एक माळ ठेवली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, म्हणाल्या, "हे काढा आधी."

"राहू द्या बाई. ती काय तुमच्या सुईच्या आड येत नाय. माळ हाय म्हणून नवरा थांबलाय. काढली तर बायकोला उचलून घेऊन जाईल."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि माळ राहिली. बाळ मात्र हाती लागलं नाही. बाई बरेच दिवस मरणाच्या दारात होती. मावशी रोज पेज घेऊन जायच्या, नर्सला भंडावून सोडायच्या, मला रिपोर्ट वाचायला लावायच्या. अखेर बाई वाचली. निघताना नवरा मावशींच्या पाया पडला आणि म्हणाला, "आता काय बी झालं तरी हिला तुमच्याकडंच आणतो."

मावशींनी कपाळावर हात मारला. "अरे, माझ्याकडं नको रे! माझ्याकडं येण्यातच वेळ जातो. सरळ इथं आण."

पुढे दहा-बारा वर्षं त्यांनी बायांना असंच दवाखान्यात ढकललं, हाताला धरून, प्रसंगी शिव्या देऊन. मग एका हिवाळ्यात, मळ्यात पाणी धरताना, त्या बसल्या जागी गेल्या. ओटा तसाच राहिला, सून फुलं विकत राहिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी सुनेशी दारात बोलत उभी होते, तर एक रिक्षा येऊन थांबली. आत एक म्हातारा आणि त्याला टेकून बसलेली, डोळे मिटलेली तरुण बाई.

"मावशी हायेत का?"

"वारल्या," सून म्हणाली. "काय झालंय हिला? किती दिवस झाले?"

म्हाताऱ्याने क्षणभर ओट्याकडे पाहिलं आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाला, "मग दवाखान्यात घे. मोठ्या."

रिक्षावाल्याने इंजिनही बंद केलं नव्हतं. रिक्षा जागच्या जागी वळली आणि गेली. मला रडू आवरेना. सुनेने पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

"आत्याबाई असत्या तर मलाच बोलल्या असत्या," ती म्हणाली. "एवढी इचारपूस करत त्यांना थांबवून काय ठेवलंस म्हणून."