दोन कपांचं माप

ते मशीन मीच घेऊन दिलं होतं, म्हणून पुढे जे झालं त्यात थोडा हात माझाही आहे.

माझ्या मावशीने एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं रक्त तपासलं. सकाळी साडेसहाला ड्यूटी. काका शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांना उशिरा निघायचं असे. म्हणून सकाळची कॉफी लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून त्यांच्याकडे. मावशी केस विंचरून स्वयंपाकघरात यायची तेव्हा कप टेबलावर तयार असायचा. दोघं रिटायर झाले तरी ही वाटणी मोडली नाही. काका गेले तेव्हा मावशी चौसष्ट वर्षांची होती आणि तिला कॉफी करता येत नव्हती.

हे तिनेच मला सांगितलं, तेही हसत. "अगं, हजारो लोकांची साखर मोजली मी, आणि आमच्या घरात हे कॉफीत ती किती घालायचे ते मला ठाऊक नाही."

तिला मूलबाळ नाही. मी तिच्या बहिणीची मुलगी, आठ तासांच्या अंतरावर राहणारी, रविवारी फोन करणारी. ऐकून मला वाटलं, हा प्रश्न तर चुटकीसरशी सुटेल. ऑफिसात डबा खाताखाता मोबाईलवर एक कॉफी मशीन निवडलं आणि तिच्या पत्त्यावर पाठवून दिलं. मागे पाण्याची टाकी, वर फिल्टर, खाली काचेचं भांडं. भांड्यावर खुणा होत्या: चार कप, सहा कप, आठ कप. त्या मी पाहिल्याच नाहीत. पाहिल्या असत्या तरी चारच्या खाली काही नाही हे माझ्या डोक्यात आलं नसतं. आमच्या घरात आम्ही पाचजण.

मावशीने पहिल्या दिवशी एका कपाचं पाणी घातलं. मशीन खूप वेळ घुसमटल्यासारखं गुरगुरलं. थोड्या पाण्याची वाफ झाली, थोडं पावडरीने पिऊन टाकलं, आणि तळाशी चार घोट उरले, कोमट आणि कडू. दुसऱ्या दिवशी तिने चारच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. कॉफी झकास झाली. पण तीन कप ओतून द्यायला तिचा हात होईना, म्हणून दुपारपर्यंत तिने चारही प्यायले. असं आठवडाभर चाललं आणि छातीत धडधडायला लागलं.

"कॉफी किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार कप. मशीन त्याहून कमी करत नाही."

"मग पुढच्या वेळी मशीनला घेऊन या," डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काहीच झालेलं नाही."

मला यातलं काही कळलं नाही. रविवारी मी विचारायची, "मशीन कसं आहे?" ती म्हणायची, "छान आहे." मग आम्ही माझ्या मुलांच्या परीक्षांबद्दल बोलायचो.

हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं की आपल्याच, हे बघायला तिने एके दिवशी वेबसाइटवरचं त्या मशीनचं पान उघडलं. खाली घेणाऱ्यांचे शेकडो अनुभव होते. एकाने लिहिलं होतं, "रंग सुरेख. अजून खोक्यातून काढलं नाही. पाच स्टार." एकीने खोकं चेपलेलं आलं म्हणून एकच स्टार दिला होता. एका गृहस्थांनी पाण्याच्या टाकीत दूध ओतलं होतं आणि आता घरभर वास सुटलाय म्हणून कंपनीच्या नावाने खडे फोडले होते. एकीचं म्हणणं होतं की मशीन उत्तम आहे, पण सासूबाईंना ते आवडत नाही आणि परत करायची मुदत संपली. आता मशीनची मुदत की सासूबाईंची, हे तिने लिहिलं नव्हतं.

मावशीला गंमत वाटू लागली. ती रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते पान उघडून बसे. मग तिच्यातली लॅबवाली जागी झाली. तिने तराजू काढला, थर्मामीटर काढला, एक वही केली. पाणी किती, पावडर किती, किती मिनिटं, कपात उतरताना किती गरम. आणि लोकांना उत्तरं द्यायला लागली. नाव काय लावायचं असं वेबसाइटने विचारल्यावर तिने 'लॅबवाली' असं लिहिलं. दूधवाल्या गृहस्थांना तिने व्हिनेगर घातलेलं पाणी एकदा आणि नुसतं पाणी तीनदा फिरवायला सांगितलं. चार दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, "वास गेला. बायको पुन्हा बोलायला लागली."

तिथेच तिला एक अनुभव दिसला. लिहिणाऱ्याचं नाव 'लिफ्टवाला'. मजकूर असा: "मशीन चांगलं आहे. तीन स्टार कापले, कारण दोन कप नीट होत नाहीत. मला दोनच लागतात."

मावशी त्याच्यावर तीन दिवस खपली. मग तिने लिहिलं: "काचेचं भांडं आधी गरम पाण्याने विसळा. फिल्टरचा कागद ओला करून घ्या. साडेतीनशे मिली पाणी, वीस ग्रॅम पावडर. दोन कप होतील."

"झाले," त्याने लिहिलं. "आभार. पण थर्मासमध्ये नेल्यावर चव जाते."

थर्मास कशाला, असं तिने विचारलं नाही. थर्मासही आधी विसळायला सांगितला. हळूहळू त्याने स्वतःच सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आता रिटायर झालाय. बायको एका शुश्रूषागृहात आहे, तिला आता माणसं ओळखू येत नाहीत. दर गुरुवारी तो दोन कप कॉफी घेऊन तिच्याकडे जातो. ती पिते आणि दर वेळी एकच वाक्य बोलते: "पुढच्या वेळी साखर कमी घाला."

"आणि मी साखर घालतच नाही," त्याने लिहिलं होतं.

मावशीने यावर विचार केला. रोगी सांगतो ते आणि नमुन्यात दिसतं ते यांत फरक असू शकतो, हे ती एकतीस वर्षं बघत आली होती. तिने लिहिलं, "एकदा दोन चमचे घालून बघा."

शुक्रवारी उत्तर आलं. "काही बोलली नाही. सगळा कप संपवला. मग माझ्या कपाकडे बघत बसली. तोही दिला."

त्या एका अनुभवाखाली दीडशेच्या वर उत्तरं झाली. सगळी कॉफीबद्दलच. मधेच एकाने खडसावलं, "इथे मशीनबद्दल बोला, गप्पा मारायच्या असतील तर बाहेर भेटा." दोघंही ओशाळले आणि आठवडाभर फक्त फिल्टरच्या कागदाबद्दल लिहीत राहिले. एकमेकांचं खरं नाव त्यांनी विचारलं नाही. "विचारायचं कसं?" मावशी मला नंतर म्हणाली. "पन्नास माणसं वाचत होती."

एका मंगळवारी तिचा मला ऑफिसात फोन आला. ती कधी कामाच्या वेळी फोन करत नाही.

"अगं, ते पान गेलं," ती म्हणाली.

"कुठलं पान?"

"मशीनचं. ते मॉडेल बंद झालं म्हणे. खालचं सगळं लिहिलेलंही गेलं."

"एवढंच ना! मावशी, नवीन मॉडेल आलं असेल, तुला तेच घेऊन देते."

मग तिने मला सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. सव्वा वर्ष दर रविवारी मी तिच्याशी बोलत होते आणि मला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

मी कंपनीला फोन केला. तिथली बाई बोलायला गोड होती. "मॅडम, ग्राहकांची माहिती आम्ही कोणालाच देत नाही. तुमची समस्या नोंदवून घेऊ का?" समस्या काय म्हणून नोंदवायची, हे मला सांगता येईना.

मावशीने मात्र आपला मार्ग काढला. नव्या मॉडेलचं पान होतं, पण तिथे अनुभव लिहायचा तर ते मशीन घेतलेलं असावं लागे; उत्तर कोणीही देऊ शके. तिने घेतलं. खोकं आलं ते तिने दिवाणाखाली सरकवलं आणि त्याच दिवशी अनुभव लिहिला: "साडेतीनशे मिली, वीस ग्रॅम. लॅबवाली. गुरुवारबद्दल विचारायचं आहे."

लोकांना काय कळणार? "गुरुवारी मशीन वेगळं चालतं का?" एकीने विचारलं. "हा अनुभव उपयोगी नाही," असं अकराजणांनी नोंदवलं. मी म्हटलं, "मावशी, त्याचं जुनं मशीन चालू असेल तर तो नव्या मॉडेलचं पान कशाला उघडेल?" तिला हे माझ्याआधी सुचलं होतं. "आपलं हरवलं तर आपण जिथे शोधू तिथे तो बघेल," ती म्हणाली. "मी तरी हेच केलं ना?"

सात आठवडे ती पाच वाजता ते पान उघडत होती. आठव्या आठवड्यात उत्तर आलं.

"मी आहे. ती मागच्या महिन्यात गेली. मशीन ठीक आहे."

मावशीने ताबडतोब आपला फोन नंबर लिहिला. वेबसाइटने तो पुसून टाकला. तिथे नंबर लिहायला बंदी होती. तिने अक्षरांत लिहिला, तोही गेला. मग तिने वही पुढ्यात घेतली आणि लिहिलं, "दहा चाचण्या केल्या. पावडरचे चमचे क्रमाने असे," आणि पुढे दहा ओळींत दहा आकडे. एका चाचणीत शून्य चमचे होते, त्यावरून एकजण तिच्याशी हुज्जत घालायला आला. कॉफी पावडरशिवाय कॉफी कशी होईल, असं त्याचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"लॅबवाली?"

"हो. बोला."

"लिफ्टवाला बोलतोय."

त्याचा आवाज तिने मनात धरला होता त्यापेक्षा बारीक होता. तिने विचारलं, "शेवटच्या गुरुवारी प्यायल्या का?"

"अर्धा कप," तो म्हणाला. "साखर घातली होती."

ते चार वेळा बोलले. तो शंभर मैल लांब राहत होता. काकांबद्दल तिने त्याला जे सांगितलं ते मला कधी सांगितलं नव्हतं: ते गेल्यावर तीन महिने ती रोज सकाळी केस विंचरून स्वयंपाकघराच्या दारात थांबायची. चौथ्या फोनला तो म्हणाला, मुलगा न्यायला येतोय, घर सोडतोय. नव्या जागी नंबर बदलेल, कळवीन. त्याने कळवलं नाही. तिने दोनदा जुना नंबर लावून पाहिला, लागला नाही. वेबसाइटवरही तो पुन्हा दिसला नाही.

"तुला वाईट वाटलं?" मी विचारलं. तेव्हा मी चार दिवसांची रजा काढून तिच्याकडे गेले होते. आम्ही गॅलरीत बसलो होतो. खाली एक माणूस सायकलची चेन बसवत होता, ती सारखी निसटत होती.

"वाटलं की," ती म्हणाली. "पण माणूस मुलाकडे गेला, हे बरंच झालं ना."

मी वेड्यासारखी म्हणाले, "तूही चल माझ्याकडे." आमची जागा, मुलांच्या खाटा, माझी धावपळ, सगळं तिला माहीत होतं. तिने माझ्या हातावर थोपटलं आणि विषय बदलला. मी पुन्हा विचारलं नाही. ती यायला नको म्हणून नव्हे, ती हो म्हणाली तर काय, या भीतीने; आणि हे तिलाही कळलं असणार.

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "बाकी दिवस जातो गं. पाच ते सात तेवढं लांबतं."

तिने माझ्याकडे इतकं उघड कधी काही मागितलं नव्हतं, आणि हेही मागणं म्हणून म्हटलं नव्हतं.

परत आल्यापासून मी साडेपाचला ऑफिसातून निघते आणि बसथांब्यापर्यंत चालताना तिला फोन करते. बारा मिनिटांचा रस्ता आहे. रोज बोलायला काय असणार? ती जेवायला काय केलं ते सांगते, मी कोण कोण रजेवर आहे ते सांगते. काही वेळा दोघी गप्पच चालतो; म्हणजे चालते मी, आणि ती तिकडे खुर्चीत बसलेली असते. बस आली की ती म्हणते, "चढ, चढ, ठेवते मी," आणि माझ्याआधी फोन ठेवते.