नकाराच्या कागदावरची सही

“बाप काय करतो तुझा?”

“दिघोरीच्या तलावात मासोऱ्या धरते, सर.”

“मग बरोबर. इथं मासळी कापायची नाहीये. आधी बोलायला शीक. हृदयाचं ऑपरेशन आम्हाला नंतर शिकव.”

सगळा वॉर्ड हसला. माझ्या वर्गातल्या मुलीही.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. राउंडवर डॉक्टर सरांनी विचारलं होतं, हृदय निकामी होत चाललं तर शस्त्रक्रिया कोणत्या? मी म्हणाले होते, “झडप बदलतेत, बायपास करतेत, काहीच नाही जमलं तं दुसऱ्याचं हृदय बसवतेत.” उत्तर बरोबर होतं. फक्त माझ्या तोंडून आलं होतं.

मी मान खाली घातली. शाळेपासून घालत आले. थकवा येतो त्याचा. मग रडूही येत नाही.

दुपारी सिस्टरनी एक कागद हातात दिला. सहा नंबरच्या खाटेवर अड्याळची एक बाई होती. पाय सुजलेले. आडवी झाली की गुदमरायची, म्हणून उशांना टेकून बसलेली. हृदयाची झडप खराब. कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्णाने शस्त्रक्रियेसाठी नागपूरला जाण्यास नकार दिला.’ अंगठा घेऊन झाला होता. साक्षीदार म्हणून सही मी करायची.

मी तिच्याजवळ गेले. “मावशी, नागपूरले जात नाही म्हणाल्या का तुमी?”

“मले कोणं विचारलं? अंगठा दे म्हणाले, देला.”

मी सगळं सांगितलं. झडप नीट मिटत नाही, रक्त मागं फिरतं, म्हणून दम लागतो. गोळ्यांनी सूज उतरेल, झडप सुधारणार नाही. ऑपरेशननं बदलता येते. त्यात जिवाला धोकाही आहे.

ती उशांवरून पुढं सरकली. “हे आतापर्यंत काहून नाही सांगतलं कोणं? जातो मी नागपूरले.”

मी सही केली नाही. सर संतापले. “तुला विचारलं होतं कोणी?”

“तिले बी कोणी नाही विचारलं, सर.” मान वर होती माझी.

शिक्षा म्हणून त्या वॉर्डातली महिनाभराची ड्युटी मला पुन्हा करायला लावली. बाई नागपूरला गेली. ऑपरेशनआधीच वारली. फार उशीर झाला होता. सरांनी मुद्दाम बोलावून सांगितलं, “बघ. काय मिळालं?”

काही मिळालं नाही. मी दमले आहे. पण पुढच्या आठवड्यात तसाच एक कागद समोर आला, एका म्हाताऱ्याचा अंगठा तसाच उमटवलेला. मी पेनाला टोपण लावलं, स्टूल ओढलं आणि त्या म्हाताऱ्याच्या खाटेशी बसले. दर वेळी बसेन. न सांगता घेतलेल्या नकाराखाली माझं नाव येणार नाही.