काकांनी छापलेला बायोडाटा

यंत्राने केलेला अपमान मुकाट गिळायचा नाही, असं मानणारे अख्ख्या मानवत तालुक्यात एकच गृहस्थ होते, आणि माझ्या दुर्दैवाने ते माझे थोरले काका होते. आमच्या गल्लीतला पहिला घरचा कंप्युटर त्यांनी आणला तेव्हा मी बारावीत होते. कंप्युटरचा क्लास केलेली घरात मी एकटी, पण माउसला हात लावायची बंदी मलाच! मी मागे स्टुलावर बसून सांगायचं आणि काकांनी ऐकायचं नाही, अशी आमची पद्धत. एका बोटाने अक्षरं शोधत 'परभणी' लिहीपर्यंत त्यांचा चहा निवायचा. मी नुसतं "भ तिथं हाय" म्हटलं, की "मला दिसायलंय!" म्हणून खेकसायचे. एकदा पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, की बेकायदेशीर कृत्य झाल्यामुळे हे बंद करण्यात येत आहे. काका ताडकन उठले. "बेकायदेशीर? मी? हेडमास्तर हाय मी!" त्यांनी काकूला साक्षीला बोलावलं. "सांग, सकाळपासून मी काय करायलोय?" काकू पडद्याकडे बघून म्हणाली, "एकच ओळ लिहायलाव." मग चार दिवस काकांनी कंप्युटरशी अबोला धरला, आणि तोवर मलाही त्या खोलीत मज्जाव. माझा गुन्हा काय, ते मला अजून कळलेलं नाही.

पण मला त्यांचा खरा संताप आला तो दिवाळीनंतर. बाबांनी मला न विचारता माझं लग्न जमवायचं काढलं, आणि काका उत्साहाने बायोडाटा टाइप करायला बसले. मी रडले, जेवले नाही. ते आपले ठकठक करतच राहिले. वीस प्रती छापून पेडगावच्या एका लग्नात स्वतः वाटूनही आले. उरलेली प्रत बाबांनी वाचली. शिक्षणापुढे लिहिलं होतं, 'इंजिनिअरिंग, चालू.'

"दादा, हे काय? पोरगी बारावीत हाय!" बाबा ओरडले.

काका त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. "मग आता? समद्या पाहुण्यांच्या हातात गेलंय. आपल्या घरानं खोटं छापलं म्हणतील लोक! घाला तिला इंजिनिअरिंगला, दुसरा इलाज न्हाई."

"चुकलं म्हणून सांगू की."

"मी चुकत नसतो," काका म्हणाले आणि त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

बाबा बरेच दिवस धुमसत होते. निकालानंतर मात्र माझा फॉर्म त्यांनीच आणला.

काकांनी ते मुद्दाम केलं का, हे मी कधी विचारलं नाही. चिडतील म्हणून राहू दिलं, आणि राहूनच गेलं. यंदा मानवतला गेले तर काका ओसरीवर बसलेले. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नाहीत.

"कोण तुमी?" त्यांनी मला अहोजाहो केलं.

"मी इंजिनिअर हाय," मी म्हणाले.

"लय छान. कुणी शिकवलं?"

"माझ्या काकांनी."

"भला माणूस दिसतोय," काका म्हणाले, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून थोडे सरकले.