कोटावरचा करपलेला चौकोन

गेल्या महिन्यात साताऱ्याच्या कचेरीसमोर मी एका पक्षकाराचा अर्ज लिहीत असता सांगलीहून निरोप आला : गणपतराव गेले. मामलेदारांनी ज्या लेखणीस भर कचेरीत वाखाणले, तिला पुढचा शब्द सुचेना...

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा उतारूंच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालाव्यात म्हणून त्यांच्या पाठीस भट्टी बसवून देण्याचा कारखाना माझ्या या मित्राने सांगलीत काढला. प्रत्येक भट्टीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी असे. परंतु आतली जाळी उष्णतेने वाके, राख कोंडे आणि मोटार नेमकी चढणीला बंद पडे. तक्रार आली की गणपतराव म्हणत, "कोळसा ओला असणार." पुन्हा आली की, "ड्रायव्हर आडदांड."

हेच उत्तर पाटणच्या एका मोटारमालकास समक्ष ऐकविण्यास आम्ही त्याच्याच मोटारीने निघालो. बोलण्यास वजन यावे म्हणून मी सोबत होतो. आत लग्नाचे वऱ्हाड होते. चढणीला मोटार थांबली. सारे उतरले, हळद लागलेला नवरदेवही मुंडावळ्या सावरीत मागून रेटू लागला.

"आवं, हळदीच्या अंगानं गाडी ढकलायची व्हय?" त्याची आत्या कडाडली. "कुणी केली ही भट्टी?"

"त्यालाच आत घाला, आत्याबाई," ड्रायव्हर म्हणाला, "लय गॅस निघंल!"

सारे हसले. गणपतरावही हसले. आत्याबाईंनी माझ्या खिशातला टाक पाहिला. "तुमी शिकलेलं दिसताय. नाव वाचा की त्याचं."

मी पट्टीकडे वळतो न वळतो तोच गणपतरावांनी "फार उकडतंय" म्हणत अंगातला कोट काढून तिच्यावर अडकविला आणि मोटारीस खांदा लावला. थोड्याच वेळात करपल्याचा वास सुटला. "आवं, कोट जळतोय!" कोणी ओरडले. त्यांनी मान वर केली नाही. मीही तो पट्टीवरून काढला नाही... चढण सरल्यावर पाहिले, तर कोटाच्या पाठीवर पट्टीएवढा तपकिरी चौकोन उमटला होता. आत्याबाईंनी एकदा कोटाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिले. "असूंदे," त्या हळूच म्हणाल्या, "सावलीत बसा जरा."

पाटणला पोहोचून ते मालकास एवढेच म्हणाले, "दोष माझ्या जाळीचा आहे." मी आणलेली भारदस्त वाक्ये तोंडातच राहिली. पुढे नव्या भट्ट्या बंद ठेवून ते गावोगावच्या मोटारतळांवर जात आणि जुन्यांच्या जाळ्या बदलीत. अंगात तोच कोट. कोणी तोंड सोडले की पाठ फिरवून म्हणत, "आधी हे बघा, मग शिव्या द्या." घरी कोट टांगताना करपलेली बाजू दाराकडे ठेवीत.

परवा सांत्वनास गेलो. कोट खुंटीवरच होता, डाग भिंतीकडे. "येणारे-जाणारे विचारतात, काका," त्यांचा मुलगा ओशाळून म्हणाला. खरे सांगतो, मलाही बरे वाटले. त्या डागाकडे पाहणे मला कधीच सोसले नव्हते. "योग्यच केलेस," मी भारदस्तपणे म्हणालो.

वहिनी उठल्या, कोट फिरवून पुन्हा टांगला आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मी पाणी प्यालो, ते खाली मान घालून.