मासळीच्या बर्फात धुतलेला फोटो

माझ्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात अंडी नसतात, फिल्मचे रोल असतात. मी चौलला राहायला आले तेव्हा घरमालकिणीने एकदा तो उघडून बघितला आणि विचारलं, "ह्ये काय खातंस गो बाय?" शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली बाई सुपारीच्या वाडीत अर्धं घर भाड्याने घेते आणि भाजीऐवजी काळ्या डब्या गार करत ठेवते, म्हणजे आळीला बोलायला विषय झाला. मी कुणाला समजावत बसले नाही. माझ्या नाकावर राग असतो, आणि एकट्या माणसाचा राग घालवायला कुणी येत नाही.

घराच्या दुसऱ्या अर्ध्यात घरमालकीण राहायची. सगळे तिला काकी म्हणत, मीही म्हणू लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पनवेलला नोकरीला. सुपारीची पडलेली झापं ओढत नेताना ती माझ्या खिडकीशी थांबायची, चहा झाला का विचारायची, माझ्या उत्तराची वाट न बघता सगळ्या आळीची बातमी द्यायची. कित्येक दिवस असे जात की तिच्याखेरीज मी कुणाशी बोललेली नसे. फोन वाजला तर कर्ज हवंय का विचारणारा. शिमगा झाल्यावर एका सकाळी ती म्हणाली, "पोरानं फ्लॅट घेतलान. पावसाच्या आधी मी जाते तिकडं." मी "जा की, मला काय!" म्हणाले आणि खिडकी लावून घेतली. मला पुष्कळ काही होतं. ती गेल्यावर मला हाक मारणारं त्या वाडीत कुणी उरणार नव्हतं.

मग मला एकच ध्यास लागला. जाण्याआधी तिचा एक फोटो हवा. मी काढलेला, मी धुतलेला, कृष्णधवल. आणि त्यात ती आहे तशी हवी, तोंडाचा पट्टा चालू असलेली.

तिने साफ नाही म्हटलं. "काला-पांढरा? नको गो माय!" तिच्या ओटीवरच्या भिंतीवर सासरे, सासू आणि नवरा ओळीने लावलेले होते, तिघेही काळे-पांढरे, तिघांच्या गळ्यात चंदनाचे हार. काळा-पांढरा फोटो गेलेल्या माणसाचा, हा तिचा सरळ हिशेब. "रंगीत काढ. मोबायलवर काढ. हवे तेवढे काढ." मी म्हणाले, मोबाईलवरचे फोटो कुणी बघत नाही. "मंग काढूच नको," ती म्हणाली. काही दिवस आमचा अबोला झाला. त्यात माझाच तोटा जास्त होता, कारण तिला बोलायला गाव पडलं होतं.

तो अबोला तिनेच मोडला. मागच्या आळीतली तिची मैत्रीण गेली होती. तेराव्याला जाऊन आली ती थेट माझ्या दारात, चप्पलसुद्धा न काढता. घरच्यांनी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून त्या बाईंचं तोंड कापून स्टुडिओत दिलं होतं. तिथे त्यांना गुलाबी ओठ, निळं आभाळ आणि दुसऱ्याच कुणाची तरी साडी मिळाली होती. "एक सुरकुती ठेवली नाय गो मेल्यानी. मी नमस्कार कुणाला केला, म्हायेत नाय." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "माजा तू काढ. काला-पांढरा. पोराला सांगून ठेवते, मी गेले की ह्योच लाव."

मला हवं होतं ते मिळालं होतं, पण ते असं नको होतं. मला माझ्या टेबलावर ठेवायला काकी हवी होती. ती भिंतीवर जायच्या तयारीने आली होती. तरी मी हो म्हणाले.

फ्रिजमध्ये तेव्हा दोन जातींचे रोल होते. एक वेगवान, कमी उजेडातही पटकन टिपणारा, दणकट. दुसरा जुन्या पद्धतीने केलेला, मंद. त्याच्यावर चेहऱ्याची कातडी फार मऊ उतरते, सावल्या काळ्याठिक्कर होत नाहीत. पण त्याचा थर नाजूक असतो आणि त्याला उजेड भरपूर लागतो. सुपारीच्या वाडीत उजेड असतो कुठे? वरून गळतो तेवढाच, तोही वाऱ्याबरोबर हलणारा. शहाण्या माणसाने वेगवान रोल घातला असता. मी मंद घातला. तिच्या चेहऱ्यासाठी मला चांगल्यातलं चांगलं हवं होतं, आणि चांगल्याच्या नादात मी एक विसरले, की मंद फिल्म म्हणजे समोरच्याने बराच वेळ हलायचं नाही.

"काकी, हलू नका हं," म्हणाले मात्र, आणि तिने भिंतीवरच्या तिघांसारखं तोंड केलं. हात मांडीवर, नजर समोर, ओठ मिटलेले. मी तिला हसवायला बघितलं. पनवेलला ताजी मासळी कोण देणार, सुनेशी भांडण कितव्या दिवशी होणार, सगळं विचारून झालं. ओठ न हलवता ती म्हणाली, "गप. हालंल." रोल संपेपर्यंत ती तशीच बसली. संपल्यावर उठली, कंबर धरली आणि सुनेवर जे बोलायला लागली ते अर्धा तास थांबली नाही. तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात काही शिल्लक नव्हतं.

फिल्म धुणं म्हणजे पी हळद नि हो गोरी असं काम नव्हे. अंधाऱ्या पिशवीत हात घालून ती रिळावर चढवायची, डब्यात बंद करायची, मग एकामागून एक पाणी: आधी चित्र उमटवणारं, मग ते पक्कं करणारं, मग धुवायचं. चित्र उमटवणारं पाणी गार लागतं, आणि चौलच्या वैशाखात नळाला येतं ते आंघोळीचं. मी बाटल्या बर्फाच्या टोपात ठेवते. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती, फ्रिजमध्ये बर्फाचं पाणी झालेलं. काकी म्हणाली, "थांब, मी आणते," आणि नाक्यावर मासळी विकायला बसणाऱ्या बाईकडून डबाभर बर्फ घेऊन आली. "चांगला टिकणारा दे म्हटलं तिला," असंही कौतुकाने सांगितलं.

माझं लक्ष सगळं पहिल्या बाटलीवर. तिच्यात तापमापक घातलेला, पारा हवा तिथे आला तशी मी ती बाहेर काढली. धुवायच्या पाण्याची बाटली बर्फातच राहिली. पक्कं करणारं पाणी स्टुलावर, खोलीच्या उकाड्यात. त्या कोमट पाण्यातून निघालेल्या फिल्मवर मी बर्फातलं पाणी ओतलं, तेव्हा डबा धरलेली बोटं बधिर झाली. मी मूर्ख, मला वाटलं, वा, छान गार आहे.

फिल्म उलगडली तर काकीच्या चेहऱ्यावर बारीक जाळी. प्रत्येक चौकटीत. उन्हाने तळ्याचा चिखल तडकतो तसा फिल्मवरचा जिलेटीनचा थर आकसून चिरफळला होता. नाजूक थर, कोमट पाणी आणि त्यावर एकदम हे. मी ओरडले, "कसला बर्फ आणलात हो?" काकीने टोपात बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठ हाय. बर्फात मीठ घालतातच गो, त्याबिगर मासली राहील काय?" साध्या बर्फाने तेवढ्या वेळात पाणी जेवढं गार होतं त्याच्या कितीतरी खाली ते मिठाने नेलं होतं. नाक्यावरच्या बाईने टिकणारा बर्फ मागितला म्हणून जास्तीची मूठ टाकली असणार. कुणावर चिडायचं तेच कळेना, म्हणून मी रडले. तिच्यासमोर पहिल्यांदाच.

"मासली टिकते," ती म्हणाली, "आणि मी तेवढी नाय टिकले व्हय?"

अलिबागच्या स्टुडिओतल्या माणसाने छापण्याआधी विचारलं, बाई, या रेषा साफ करून देऊ का? मी असं बघितलं की त्याने पुढे काही विचारलं नाही. छापलेला फोटो मी भीत भीत काकीच्या हातात दिला आणि घाईने म्हणाले, दुसरा रोल आहे, वेगवान आहे, उद्या पुन्हा काढू. ती तो लांब धरून, जवळ धरून बघत राहिली. चेहऱ्याचा मऊपणा खरोखर उतरला होता. त्यावर त्या जाळीने तिचं वय दीडपट केलं होतं.

"नको. ह्योच," ती म्हणाली. "ह्या एवढ्या सुरकुत्या पडंपर्यंत आता मरायला नको मला."

मी हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले, आणि ती जाणार हे त्याच क्षणी मला पहिल्यांदा नीट कळलं.

मुलगा टेंपो घेऊन आला. सामान फारसं नव्हतं. सासू-सासरे आणि नवरा चादरीत गुंडाळून मागे गेले. स्वतःचा फोटो मात्र तिने मांडीवर घेतला आणि पुढे मुलाशेजारी बसली. मी टेंपोच्या खिडकीशी उभी होते. ती फोटोच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"माजा तू काढलास," ती एकदम म्हणाली. "तुजा कोण काढंल गो?"

मी म्हणाले, त्यात काय, कॅमेऱ्यात सोय असते. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, कळ दाबायची आणि समोर जाऊन बसायचं. तो आपोआप निघतो.

"आपोआप? आणि कॅमेऱ्याच्या मागं कोण असतो?"

"कोणी नसतं," मी म्हणाले.

तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. मुलाने टेंपो चालू केला तरी तिने ते लगेच सोडलं नाही.