ओळंब्याची एकोणिसावी कैची

सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारं, दोरीला लोंबणारं वजन, तो ओळंबा. हा सुतारही तसाच. कुणाकडे चहाला गेला की आधी कपात बघायचा. चहा एका बाजूला जास्त दिसला की टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवायचा आणि मगच पहिला घोट घ्यायचा. दातांच्या डॉक्टरलाही त्यानं तोंड उघडं ठेवूनच सांगितलं होतं, की खुर्ची अर्धा इंच डावीकडे झुकलीय. डॉक्टरनं मोजलं. झुकली होती.

चाळीस वर्षं तो छपरं चढवत आला. छपराचा भार तोलणारे लाकडी तिकोणी सांगाडे, म्हणजे कैच्या, एकामागोमाग एक उभ्या करायच्या आणि भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या पट्टीला जखडायच्या. त्याची रीत एकच. घोड्यावर बसावं तसं भिंतीवर दोन्हीकडे पाय सोडून बसायचं, कैचीच्या टोकाला तीन तिरके खिळे मारायचे आणि ढुंगणानं सरकत पुढच्या कैचीकडे जायचं. एका खिळ्याला चार घाव. पाचवा लागला तर तो म्हणायचा, "आधीच्या चारांपैकी एक आळशी होता."

मग एकसष्टाव्या वर्षी गुडघा गेला. पडून नाही, झिजून. बायकोनं त्याला काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी. तिनं आपल्या धाकट्या भावाला गाठलं, कारण छपरांचा ठेकेदार तोच आणि ओळंबा त्याच्याच हाताखाली.

"यांचा पाय शिडीच्या तिसऱ्या पायरीवर दिसला, तर तुझा पाय माझ्या घरात दिसायचा नाही," ती म्हणाली.

भाऊ बहिणीला घाबरायचा. त्यानं लांब स्क्रूंचा खोका आणला. सहा इंची, बोटाएवढ्या जाड डोक्यांचे. खाली घोडीवर, म्हणजे बुटक्या लाकडी बाकावर उभं राहायचं, ड्रिल मशीननं पट्टीच्या आतल्या कडेतून तिरका स्क्रू वर घालायचा. तो पट्टी भेदून थेट कैचीच्या पोटात शिरतो. एका टोकाला एक स्क्रू. भिंतीवर चढायचं कामच नाही.

ओळंब्यानं स्क्रू हातात घेऊन उलटासुलटा केला. "छप्पर खालून बांधायचं? मग उद्या पाया वरून खणा."

"दाजी, एकदा बघा तर खरं."

बघितलं. ओळंब्यानंच परीक्षा मांडली. लाकडाचे दोन तुकडे घेतले, एक आपल्या तीन खिळ्यांनी पट्टीवर ठोकला, दुसरा एका स्क्रूनं बसवला आणि मेहुण्याच्या हातात पहार दिली. पहारीखाली खिळे किंचाळत बाहेर आले. स्क्रूचा तुकडा हलेना. मेहुणा पहारीवर लोंबकळला, तेव्हा खालची पट्टीच चिरली, पण स्क्रू जागचा हलला नाही. हात दाखवून अवलक्षण झालं. ओळंब्यानं तो तुकडा नखानं खरवडून पाहिला.

"लाकूड ओलं होतं," तो म्हणाला. लाकूड कडकडीत वाळलेलं होतं.

नवं काम शिवणकामाच्या कारखान्याचं होतं. लाकडी सांगाड्याच्या भिंती, चोवीस कैच्या. कैच्या तात्पुरत्या एकेका खिळ्यावर उभ्या होत्या. त्यांच्यामधल्या फटी आतून बुटक्या फळ्यांनी बंद केलेल्या. डावी भिंत ओळंब्याची, उजवी मेहुण्याची.

"दाजी, स्पष्ट सांगतो," मेहुणा म्हणाला. "चोवीसच्या चोवीस नीट बसले, तर तुम्ही इथेच. एक जरी हुकला, तर उद्यापासून गोदामात. खुर्ची देतो, पंखा देतो. आलेल्या मालाची यादी करायची."

ओळंब्याला पंख्याखालच्या खुर्चीचं भय मरणापेक्षा जास्त होतं.

कामाला लागला. हळू, पण अचूक. मेहुणा पलीकडे झपाझप चालला होता. दर दोन मिनिटांनी मशीनची घरघर आणि वर टोमणा. "दाजी, झोप लागली का?"

"मेहुणे, घाईनं फक्त माशी मारावी."

एकोणिसाव्या कैचीपाशी घोटाळा झाला. स्क्रू आधी जड जात होता, शेवटचे दोन इंच अचानक हलका झाला, उकडलेल्या बटाट्यात शिरावा तसा. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. ओळंब्याच्या मनगटाला कळलं. मशीन जरा बाजूला कललं होतं. स्क्रू कैचीच्या कुशीतून बाहेर पडून फळीमागच्या पोकळीत टोक काढून उभा असणार. खालून काही दिसत नव्हतं. वरून दिसलं असतं, पण वर कोण जाणार?

तो पुढच्या पाच कैच्या करून आला. त्या नीट बसल्या. एकोणिसावी मात्र दातात अडकलेल्या धाग्यासारखी सलत राहिली.

"सगळे झाले?" मेहुण्यानं विचारलं.

"झाले," ओळंबा म्हणाला. ते खरंही होतं. नीट झाले का, असं त्यानं विचारलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मेहुणा पत्रे आणायला गाडी घेऊन गेला. ओळंब्यानं डबा अर्धवट ठेवला, शिडी लावली आणि मांजराच्या पावलांनी चढला. गुडघ्यानं प्रत्येक पायरीला शिवी दिली. पण एकदा भिंतीवर पाय सोडून बसला आणि त्याला वाटलं, आपली खुर्ची ती ही.

सरकत एकोणिसाव्या कैचीपाशी गेला. स्क्रूचं टोक बाजूनं बाहेर आलं होतं, जीभ दाखवल्यासारखं. मनगट बरोबर होतं, हे बघून त्याला चूक केल्याच्या दुःखापेक्षा आनंदच जास्त झाला. मग सवयीप्रमाणे मान वळवून त्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे फळीवरून डोकावणारी एक जीभ होती. पुढे दुसरी. आणखी पुढे तिसरी.

"अहो!"

खाली बायको. हातात त्याचा जवळचं बघायचा चष्मा, सकाळी कपाटावर राहिलेला.

"अगं, मी फक्त..."

"किती पायऱ्या झाल्या तिसरीनंतर?"

"मोजल्या नाहीत."

"मोजता येणार नाहीच. चष्मा इथे आहे." तिनं शिडी उचलून समोरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. "बसा आता उंटावर. भाऊ आला की उतरा."

गाडी आली. मेहुण्यानं वर पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि घाम पुसला. "ताई, मी यांना चढवलं नाही."

"ते मला माहीत आहे. तुझं कोण ऐकतंय?"

"दाजी, अट लक्षात आहे ना? वर कशाला गेलात? काहीतरी हुकलंय."

ओळंबा गप्प राहिला असता तर निभावलं असतं. गुडघ्याचं निमित्त होतं, आठवणींचं होतं, पक्ष्याचं घरटं बघायला गेलो म्हणाला असता. पण वाकडं काम झाकून ठेवायचं त्याच्यानं कधी झालंच नव्हतं.

"एकोणिसावी," तो म्हणाला. "माझी. बाजूनं गेला."

"मग झालं तर. उद्यापासून गोदाम."

"झालं. आता तुझ्या भिंतीचे ऐक. चौथी, अकरावी आणि सोळावी. अकरावीचा तर इतका बाहेर आलाय, की टोपी अडकवता येईल."

मेहुण्याचा चेहरा पत्र्यासारखा झाला. "काहीतरीच."

"ये वर. शिडी तुझ्याजवळच आहे."

मेहुणा चढला, चौथीपाशी गेला, अकरावीपाशी गेला. सोळावीपर्यंत जायची गरज त्याला वाटली नाही. बायको खाली उभी राहून दोन भिंतींवरच्या दोन पुरुषांकडे बघत होती.

"गोदामात एक खुर्ची आहे की दोन?" तिनं विचारलं.

"ताई!"

"एकाला हुकलेलं मनगटात कळतं. दुसऱ्याला तीन वेळा कळलं नाही. यातला कोण यादी करायला बसणार, ते तुम्ही ठरवा. मी शिडी धरते."

मेहुण्यानं तीन वेळा घसा साफ केला. शेवटी म्हणाला, "दाजी, घोडीवरच राहा. पण हुकू नये म्हणून काहीतरी करा."

ओळंबा उतरला. अर्धवट डबा संपवला. मग लाकडाचा एक तुकडा घेऊन त्याची पाचर कापली, हव्या त्या तिरक्या कोनाची. पट्टीवर कैचीच्या मध्याची पेन्सिलीची रेघ मारायची, रेघेवर पाचर टेकवायची, पाचरीला लावून मशीन धरायचं. मग मशीन डावीउजवीकडे कलायचं नावच नाही. हुकलेला स्क्रू उलटा फिरवून काढला, दोन बोटं सोडून नवा घातला. शेवटच्या दोन इंचांना मशीन रडकुंडीला आलं. मनगट खूश झालं.

मेहुण्यासाठी त्यानं दुसरी पाचर कापून दिली. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, "अकरावी".

शिडीला तेव्हापासून साखळी आहे. किल्ली बायकोच्या पर्समध्ये असते. काम संपलं की मेहुणा बहिणीला किल्लीसकट बोलावतो, स्वतः वर चढतो आणि एकेका कैचीची खबर ओरडून सांगतो. खाली ओळंबा चष्मा लावून उभा असतो आणि प्रत्येक खबरीनंतर विचारतो, "नीट बघितलंस का?"