मास्तर डायलिसिसला आले नाहीत

गाडी शिकवणारे मास्तर डायलिसिसला आले की वॉर्डात हशा पिकायचा. हातात सुया असतानाही ते शेजारच्या पेशंटला म्हणायचे, "काका, पाय कशाला ताणताय? तिथं क्लच नाही!" किडन्या निकामी झाल्यावर शिकवणं सुटलं, पण जीभ काही स्वस्थ बसेना.

जुनाट आजार माणसाच्या मनाचं काय करतो, यावर संशोधन करणारी एक मानसशास्त्रज्ञ तिथं पेशंटशी बोलायला येई. मास्तर तिला गमतीजमती सांगून वाटेला लावत. एकदा मात्र मशीन चालू असताना ते हळूच म्हणाले, "मॅडम, माझी खुर्ची आता दुसऱ्याला द्या. माझी उस्तवार करता करता बायको पार विझून गेलीय. मी गेलो की सुटेल बिचारी."

ती म्हणाली, "हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल."

"शब्द दिला होतात ना, बोलणं आपल्यातच राहील म्हणून?"

"जिवाचा प्रश्न असला तर नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं."

डॉक्टर लगेच आले. मास्तरांनी त्यांनाही हसवून परत पाठवलं. पुढच्या खेपेला खुर्ची रिकामी. मास्तरांचा फोन बंद.

मानसशास्त्रज्ञेनं त्यांच्या घरी फोन लावला. "अहो, ते सकाळीच निघालेत तिकडे!" बायकोचा आवाज चिरकला. मास्तर काय बोलले होते ते मानसशास्त्रज्ञेनं सांगून टाकलं. मग बायको म्हणाली, "मैदानावर या. ते गाडी शिकवायचे तिथं."

मैदानाच्या कडेला जुन्या गाडीत मास्तर बसले होते. पायांशी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. किडन्या पाणी बाहेर टाकत नसल्यानं त्यांना दिवसाला मोजकेच घोट प्यायची परवानगी होती. छाती भात्यासारखी हलत होती. मानसशास्त्रज्ञेनं ॲम्ब्युलन्सला फोन केला. बायकोनं दार उघडून त्यांचा हात घट्ट धरला.

"मी सुटेन, हे कुणी ठरवलं? मला विचारलंत?"

"तू... दमलीयस," ते धापा टाकत म्हणाले.

"दमलेय. चिडतेसुद्धा. कधी कधी तुमचं तोंड बघवत नाही. पण तुम्ही मला न विचारता उठून जाणार?"

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती मास्तरांना धरून बसली. त्या दिवशी मशीन वेळेवर लागलं म्हणून ते वाचले.

जरा सावरल्यावर त्यांनी मानसशास्त्रज्ञेकडे पाठ फिरवली. "तुमच्या संशोधनातून मला काढा." तिनं काढलं. नैराश्यावर उपचार मात्र त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे, कुरकुरत का होईना, सुरू केले. पहिल्याच भेटीत बायकोही बोलली, रडली आणि मग आठवडाभर बहिणीकडे राहायला गेली. मास्तर डायलिसिसला एकटेच आले. मानसशास्त्रज्ञ समोरून गेली तेव्हा या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही.